लहान तोंडी मोठी गोळी

"हे तुमच्यासाठी जरा जास्तच होईल, मॅम," काउंटरमागचा माणूस म्हणाला आणि लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घ्यावी तसं त्यानं उत्तराच्या हातातलं पिस्तूल अलगद काढून घेतलं.

मग काचेखालून दुसरं एक काढून त्यानं तिच्यापुढे ठेवलं. हलकं, छोटं, फिक्या जांभळ्या मुठीचं. "बायका हे पुष्कळ नेतात. पर्समध्ये मावतं."

उत्तरा देवस्थळीनं त्या जांभळ्या मुठीकडे बघितलं. सत्तावन्न वर्षांची बाई, उंची जेमतेम पाच फूट, केस मागे घट्ट बांधलेले. औषधाच्या दुकानातून ती थेट इथे आली होती, पांढरा कोट गाडीच्या मागच्या सीटवर पडलेला होता.

"मी कामावर पर्स बाळगत नाही," ती म्हणाली. "ते आधीचं द्या परत."

ते आधीचं म्हणजे एक आखूड, काळं, बुटकं पिस्तूल होतं. कोटाखाली कमरेला लावलं तर कुणाला फुगवटा दिसू नये एवढंच. पण त्यातून सुटणारी गोळी मात्र करंगळीच्या पेराएवढी जाड. पॉइंट फॉर्टीफाइव्ह. गेले काही दिवस ती, नवरा विनय झोपल्यावर गुपचूप नाही, चांगली त्याच्या समोर बसून, चहा पीत, याच पिस्तुलाबद्दल वाचत होती. तिला दोनच गोष्टी हव्या होत्या: कोटाखाली लपलं पाहिजे, आणि एकदाच बोललं तरी समोरच्याला पुरलं पाहिजे.

"विचार करा," तो माणूस म्हणाला. "मागच्या बाजूला नेमबाजीची रेंज आहे. आधी भाड्यानं घेऊन चालवून बघा. मग तुम्हीच म्हणाल."

"काय म्हणेन?"

"की हे जास्त होतंय."

उत्तरानं रेंजची वेळ विचारून घेतली.

हे सगळं सुरू झालं होतं मार्चमध्ये. उत्तरा आणि विनय राहायला शिकागोजवळ शॉमबर्गला, दुकान तिथून वीसेक मिनिटांवरच्या गावात. एका लांबलचक बैठ्या इमारतीत ओळीनं पाच-सहा गाळे. एका बाजूला व्हिएतनामी नवराबायकोचं केशकर्तनालय, दुसऱ्या बाजूला टॅक्स भरून देणारा, आणि मध्ये हिची फार्मसी. पाटीवर अजून जुन्या मालकाचंच आडनाव होतं. ते बदलावं असं तिला कधी वाटलं नाही, कारण गिऱ्हाइकं त्या नावानं यायची आणि उत्तराच्या नावानं परत यायची.

मूळची ती अमरावतीची. लग्न होऊन आली तेव्हा विनयच्या व्हिसावर, म्हणजे काम करायला बंदी. इथली फार्मासिस्टची परीक्षा ती दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा पास झाली, आणि मग औषधदुकानांच्या एका मोठ्या चेनमध्ये ड्राइव्ह-थ्रूच्या खिडकीशी उभं राहून तिनं आयुष्याची चांगली वर्षं घालवली. तिथे मॅनेजर मागे घड्याळ घेऊन उभा असायचा. एका म्हाताऱ्या बाईला दोन औषधं एकत्र का घ्यायची नाहीत हे ती समजावून सांगत होती, तर तो म्हणाला, "उत्तरा, लाइन वाढतेय." त्याच महिन्यात तिनं राजीनामा दिला आणि हे दुकान विकत घेतलं. विनय म्हणाला होता, "छोटी दुकानं बंद पडतायत, आणि तू विकत घेतेस?" ती म्हणाली होती, "हो."

तर मार्चमधली दुपार. बर्फ वितळून पार्किंगमध्ये चिखल झालेला. तिची टेक्निशियन रोझा जेवायला गेली होती. टोपी आणि मास्क घातलेला एक माणूस आत आला, सरळ काउंटरशी आला आणि त्यानं खिशातून पिस्तूल काढलं. त्याला ऑक्सी हवं होतं, दुखण्यावरच्या कडक गोळ्या, ज्या बाहेर चढ्या भावानं विकल्या जातात. उत्तरानं कपाट उघडलं. "खाली बस," तो म्हणाला. "हात डोक्यावर." ती फरशीवर उकिडवी बसली, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखी. तो काउंटरवरून उडी मारून आत आला, बाटल्या पिशवीत भरल्या. जाताना वाकून त्यानं तिच्या डोक्यावर दोनदा थोपटलं.

"गुड गर्ल," तो म्हणाला.

पोलीस आले, त्यांनी सांगितलं की तिनं अगदी बरोबर केलं. विमा कंपनीवाल्यानं सांगितलं की तिनं अगदी बरोबर केलं. विनय तिला मिठीत घेऊन तेच म्हणाला. मराठी मंडळातल्या लोकांचे फोन आले, प्रत्येकानं शहाणपणाबद्दल तिची पाठ थोपटली. तिला ते थोपटणंच नको झालं होतं. अंघोळ करताना ती डोकं पुन्हा पुन्हा धूत राहायची.

पिस्तुलाचं तिनं घरी जाहीर केलं तेव्हा विनय भाजी चिरत होता. सुरी तशीच हातात धरून तो तिच्याकडे बघत राहिला.

"बंदूक? आपल्या घरात?"

"दुकानात. कमरेला."

"उत्तरा, पस्तीस वर्षं झाली आपल्याला इथे. आपल्या ओळखीच्या एकाकडे तरी आहे का?"

हे मात्र खरं होतं. घर, गाडी, झाडांची पानं गोळा करायचं यंत्र, बोट सुद्धा, सगळं मराठी माणसांनी घेतलं होतं. पण बंदूक हा 'त्यांचा' विषय होता. टीव्हीवर बातमी लागली की मान हलवायची आणि चॅनेल बदलायचं.

"चेनवाले विचारतायतच दुकानासाठी," विनय म्हणाला. "देऊन टाक. दोघं मिळून फिरू जरा."

"म्हणजे त्यानं यायचं, मला खाली बसवायचं, आणि दुकान मी सोडायचं?"

"मी असं म्हटलं नाही."

"अर्थ तोच होतो."

वल्लरी, त्यांची मुलगी, दूर पूर्वेकडे पिस्कॅटवेला पीएचडी करत होती. तिचा त्याच संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला, म्हणजे विनयनं चुगली केली होती. "आई, आर यू सीरियस?" तिनं सुरुवात केली आणि मग तिचा आवाजच बदलला. "तुला माहितीये, मी थर्ड ग्रेडपासून टेबलाखाली लपायची ड्रिल करत आलेय? लाइट्स ऑफ, नो टॉकिंग. टीचर दाराला कपाट लावायची. आय ग्रू अप अंडर दॅट टेबल. अँड नाऊ यू वॉन्ट वन?"

"तू टेबलाखाली होतीस म्हणूनच सांगते," उत्तरा म्हणाली. "मला तिथे जायचं नाहीये."

वल्लरीनं फोन ठेवला. उत्तराला वाईट वाटलं, पण तिनं परत फोन केला नाही.

राज्याचं बंदूक बाळगण्याचं कार्ड यायला थोडा वेळ लागला. ते आल्यावर ती बुधवारी रेंजवर जाऊ लागली. त्या दिवशी दुपारी दुकानात बदली फार्मासिस्ट यायचा. शिकवायला डेनीस नावाची बाई होती. सैन्यात नोकरी करून निवृत्त झालेली, साठीची, काळी, उंच, बोलायला मोजकी. तिनं उत्तराला आधी पिस्तूल हातात न देता उभं कसं राहायचं तेच शिकवलं. मग ते बुटकं काळं भाड्यानं काढलं.

पहिलाच बार उडाला तेव्हा उत्तराला वाटलं की कुणीतरी आपला तळहात हातोड्यानं ठोकला. पिस्तुलाचं तोंड छताकडे गेलं. वरची सरकती स्लाइड सपकन मागे आली आणि अंगठा आणि बोट यांच्या मधली कातडी सोलून गेली. रक्त आलं. मूठ इतकी आखूड की करंगळीला टेकायला जागाच नाही, ती हवेत लोंबकळत होती. कागदावर, पंधरा फुटांवर, काहीही उमटलं नव्हतं.

डेनीसनं पट्टी लावून दिली. "लहान पिस्तूल सोपं असतं असं सगळ्यांना वाटतं, हनी. उलट आहे. वजन धक्का खातं. इथे वजनच नाही. मग तो कुणी खायचा? तू."

लहान तोंडी मोठा घास, उत्तराच्या मनात आलं, पण इंग्रजीत ते कसं सांगावं तिला कळेना. "अजून एक गोळ्यांचं मॅगझिन भर," ती म्हणाली.

कॉलेजात असताना एनसीसीच्या कॅम्पमध्ये तिनं रायफल चालवली होती. श्वास अर्धा सोडून थांबायचं, चाप ओढायचा नाही, दाबत न्यायचा, एवढं अंगात कुठेतरी शिल्लक होतं. बाकी सगळं नवीन. स्लाइडची स्प्रिंग इतकी कडक होती की ती मागे ओढता ओढता तिची बोटं थरथरायची. डेनीसनं दाखवलं, स्लाइड ओढू नकोस, ती घट्ट धर आणि दुसऱ्या हातानं पिस्तूलच पुढे ढकल. बरण्यांची घट्ट झाकणं ती तशीच उघडायची: झाकण धरायचं, बरणी फिरवायची. मग जमलं. रोझाला तिच्या हाताचे वळ दिसायचे, पण ती काही विचारायची नाही. विनयही विचारत नव्हता. फक्त बुधवारी तो स्वयंपाक करून ठेवायचा आणि बर्फाची पिशवी फ्रीजरमध्ये पुढे काढून ठेवायचा.

उन्हाळा अर्धा सरला तोवर तिच्या गोळ्या कागदावरच्या माणसाच्या छातीत एका बशीएवढ्या जागेत पडायला लागल्या. निदान पहिली तरी. त्या धक्क्यातून पिस्तूल परत खाली आणेपर्यंत दुसरी खांद्यापाशी जायची, घाई केली तर कागदाबाहेर.

"पहिली गोळी तुझी," डेनीस म्हणाली. "दुसरी कुठे जाते ते देवाला ठाऊक. आणि इथे तुझ्यावर कुणी ओरडत नाहीये, हे लक्षात ठेव."

"म्हणजे घेऊ नको म्हणतेस?"

"मी तसं म्हणत नाही. मी शिकवते. घ्यायचं की नाही ते तुझं." मग तिनं कपाटातून एक निळं प्लास्टिकचं पिस्तूल काढलं, अगदी त्याच मापाचं, आतून भरीव. "हे घेऊन जा. तुझ्या दुकानात उभी राहा. जिथे ते घडलं तिथेच. आणि काढून बघ."

रविवारी दुकान बंद असे. दुपारी ती विनयला घेऊन गेली. त्यानं चोर व्हायचं होतं. अर्धा रस्ता तो कुरकुरत होता, पण तिथे पोचल्यावर त्यानं डिकीतून वल्लरीचा शाळेतला हूडी काढून अंगात घातला, जो त्याला पोटावर तंग होत होता, आणि हातात घरून आणलेला हेअर ड्रायर घेतला.

"हे काय?"

"तू म्हणालीस, काहीतरी आण."

ती कोट घालून काउंटरमागे उभी राहिली. विनय दारातून आत आला, काउंटरशी येऊन म्हणाला, "गोळ्या दे," आणि दोघांनाही हसू फुटलं, कारण इथे येणारा प्रत्येकजण तेच म्हणायचा. मग पुन्हा केलं. कोट बाजूला सारायचा, मूठ पकडायची, उपसायचं, दोन्ही हातांनी समोर. पहिल्यांदा कोटाच्या खिशातल्या पेनात अडकलं. दुसऱ्यांदा बरं गेलं.

इतक्यात काचेवर टकटक झाली. बाहेर मृणालिनीमावशी उभ्या होत्या. मागच्याच इमारतीत, सीनियर अपार्टमेंटमध्ये त्या राहायच्या. वय ऐंशीच्या पुढे, डोक्यावर कापसासारखे पांढरे केस, पायात बुटांचे पट्टे घट्ट लावलेले. सत्तरच्या दशकात शिकागोला आलेल्या सर्जन. शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात उभं आयुष्य काढलेलं. दिवे दिसले म्हणून त्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या न्यायला आल्या होत्या. उत्तरानं दार उघडलं. मावशी नेहमीप्रमाणे खिडकीखालच्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी विनयच्या हूडीकडे आणि हेअर ड्रायरकडे निरखून बघितलं.

"नाटक बसवताय का दिवाळीचं?"

उत्तरानं खरं ते सांगितलं. तिला वाटलं आता हे तिसरं भाषण ऐकावं लागणार. मावशी मात्र उठून काउंटरशी आल्या, निळं पिस्तूल हातात घेऊन त्यांनी वजन केल्यासारखं केलं.

"खरं कितीचं?"

"फॉर्टीफाइव्ह."

"हं. मी काढल्यात त्या. कितीतरी माणसांतून." मावशींनी पिस्तूल परत दिलं. "घे गं तू. माझा आशीर्वाद आहे. मी रात्रपाळीहून पार्किंगला जायचे तेव्हा खिशात ऑपरेशनची कात्री असायची. एकदा दाखवावी लागली होती. आमच्या ह्यांना, सबनीसांना, शेवटपर्यंत सांगितलं नाही मी."

विनय बघतच राहिला. उत्तराला इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी आपल्या बाजूनं बोलल्यासारखं वाटलं.

"चला, करून दाखव," मावशी म्हणाल्या आणि पुन्हा आपल्या खुर्चीत जाऊन बसल्या. तिथे पाठीवर ऊन छान येत होतं.

विनय बाहेर गेला, परत आत आला. हेअर ड्रायर रोखला. उत्तरानं कोट सारला, पिस्तूल उपसलं, दोन्ही हात ताठ. या वेळी सगळं एका लयीत झालं. डेनीसनं बघायला हवं होतं. पिस्तुलाच्या टोकावरचा उंचवटा विनयच्या छातीवर बरोबर मध्यभागी स्थिरावला, आणि त्याच्या खांद्यावरून मागे, थोडंसं डावीकडे, तिला पांढरे केस दिसले.

तिनं हात खाली घेतला.

"काय झालं?" मावशींनी विचारलं. "छान होतं की."

"विनय, जरा उजवीकडे सरक."

तो सरकला. आता त्याच्या मागे ब्लडप्रेशर मोजायचं यंत्र होतं आणि त्यामागे भिंत. तिच्यापलीकडे केशकर्तनालय, तिथे आज रविवारी खुर्च्या भरलेल्या, ड्रायर चालू असल्याची घरघर इकडे ऐकू येत होती. या भिंती पुठ्ठ्यासारख्या असतात हे डेनीसनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. असली गोळी दोन भिंती सहज पार करते.

"आता डावीकडे."

डावीकडे काचेचं दार. दारापलीकडे बसथांबा. एक बाई पिशव्या पायाशी ठेवून फोनवर बोलत उभी होती.

उत्तरा काउंटरमागे या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. एकदा वाकून, एकदा स्टुलावर चढून बघितलं. विनय बिचारा हेअर ड्रायर रोखून सांगेल तिकडे सरकत होता. दुकान तेवढंच होतं. एकही दिशा रिकामी नव्हती. आणि एखादी रिकामी असती तरी तिथे उद्या कुणीतरी बसलं असतं, कारण लोकांनी येऊन बसावं म्हणूनच तर तिनं चेन सोडून हे दुकान घेतलं होतं.

तिनं ते निळं प्लास्टिक काउंटरवर इतक्या जोरात आपटलं की जीभ दाबायच्या लाकडी पट्ट्यांचा डबा खाली पडला.

"मी चुकीचं केलं का?" विनयनं विचारलं.

"मी मध्ये येते होय तुझ्या?" मावशींच्या लक्षात आलं होतं. त्या उठायला लागल्या. "मी तिकडे बसते. नाही तर उभी राहते."

"बसा मावशी," उत्तरा म्हणाली. "तुम्ही बसा. इथेच बसायचं."

तिला ते पिस्तूल हवं होतं. हाताची कातडी सोलून तिनं ते कमावलं होतं. खुर्च्या हलवाव्यात का, आडवी जाड फळी लावावी का, गोळी फुटून तिथेच थांबणारी मिळते ती वापरावी का, सगळं तिनं डोक्यात उलटसुलट करून बघितलं. पण प्रत्येक वेळी ती दुसरी गोळी, देवाला ठाऊक असलेली, कुठे ना कुठे जाऊन पडतच होती. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे आता विनय "मी म्हटलं नव्हतं?" असं बोलणार, वल्लरी "आय टोल्ड यू" म्हणणार, आणि रेंजवरचा तो काउंटरमागचा माणूस तर बोलायचीही गरज नसल्यासारखा हसणार.

बुधवारी ती रेंजवर गेली. ते बुटकं काळं भाड्यानं काढलं. डेनीसला म्हणाली, "आज काही सांगू नकोस, फक्त बघ." तिनं घाई केली नाही. प्रत्येक गोळीनंतर श्वास घेतला, पिस्तूल खाली आणलं, पुन्हा दाबलं. मॅगझिन संपलं तेव्हा कागद जवळ ओढून घेतला आणि तोच कागद घेऊन ती रेंजच्या पुढल्या बाजूच्या, बंदुकांच्या दुकानात गेली. काचेवर पसरून ठेवला. सगळी भोकं एका बशीत होती.

त्या माणसानं कागद बघितला, मग तिच्याकडे. "तुम्ही?"

"मी."

"वा. मग देऊ का काढून?" तो काचेखाली हात घालू लागला.

"नको. घ्यायचं नाहीये मला."

त्याच्या चेहऱ्यावर ते हसू यायला लागलं. "मी सांगितलं होतं, मॅम. जरा जास्तच..."

"नीट ऐका," उत्तरा म्हणाली. आवाज तिनं चढवला नाही, तरी शेजारी उभी असलेली दोन माणसं वळून बघू लागली. "ते मला जास्त होत नाही. कागद तुमच्यासमोर आहे. माझ्या दुकानाला ते जास्त होतं. माझं दुकान लहान आहे आणि भरलेलं असतं. हे तुम्ही मला विचारलं नाहीत. तुम्ही माझी उंची बघितलीत आणि जांभळं काढून दिलंत."

तिनं कागदाची घडी घातली. दारापाशी डेनीस हाताची घडी घालून उभी होती. "पुढच्या बुधवारी?" तिनं विचारलं.

"येणार. पण ते मोठं पोलादी काढ, जड असलेलं. याचा धक्का खाऊन खाऊन कंटाळले मी."

घरी तिनं एवढंच सांगितलं की पिस्तूल घेणार नाही आणि नेमबाजी सोडणार नाही. विनयनं तोंड उघडलं, तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मिटलं. वल्लरीला फोनवर आधी आनंद झाला आणि मग बुधवारचं कळल्यावर पुन्हा राग आला. "धिस मेक्स नो सेन्स, आई." "नसेल," उत्तरा म्हणाली.

दुकानात तिनं उशिरानं उघडणारी तिजोरी बसवून घेतली. कळ दाबली तरी काही मिनिटं ती उघडतच नाही, मग मालक असो की चोर. तशी मोठी पाटी दारावर लावली. कडक गोळ्या सगळ्या तिच्यात गेल्या.

ऑक्टोबरमध्ये दुसरा चोर आला. पाटी न वाचताच आला असावा. मार्चमधला तो हा नव्हता. बारीक, सतत नाक पुसणारा, एक हात जॅकेटच्या खिशात. खिशात खरंच काही होतं की नाही हे कुणाला शेवटपर्यंत कळलं नाही. दुकानात उत्तरा आणि रोझा दोघीच. त्यानं गोळ्या मागितल्या आणि ओरडला, "खाली बसा दोघी!"

रोझा ताबडतोब बसली. उत्तरानं कळ दाबली.

"तिजोरी उघडायला वेळ लागेल," ती म्हणाली. "त्याच्या आधी माझ्याच्यानंही उघडत नाही. थांबायचं असेल तर थांब."

"खाली बस म्हटलं ना!"

"नाही."

हा शब्द तोंडातून निघाला तेव्हा तिनं काउंटरला धरलं नसतं तर ती बसलीच असती. तो तिच्याकडे बघत राहिला. तिजोरीवरचा लाल दिवा लुकलुकत होता. त्यानं दाराकडे बघितलं, पुन्हा तिच्याकडे, मग शिवी हासडून चष्म्यांचा अख्खा स्टँड लाथेनं पाडला, खोकल्याच्या औषधाच्या दोन बाटल्या उचलल्या आणि पळाला.

या वेळी कुणी म्हणालं नाही की तिनं बरोबर केलं. पोलीस अधिकारी बाई स्पष्ट म्हणाली, "हा मूर्खपणा होता, मॅम. पुन्हा करू नका." डेनीसनं फोनवर त्याहून वाईट शब्द वापरला. रोझा, जी कधी काही विचारत नसे, ती दुसऱ्या दिवशी डबा उघडता उघडता म्हणाली, "पुन्हा उभं राहायचं असेल तर आधी सांगा. मला तीन नातवंडं आहेत. मी मागच्या दारानं जाईन." आपण उभ्या होतो तेव्हा आपल्या पायाशी रोझा होती, हे उत्तराच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिनं रोझाची माफी मागितली, आणि मागच्या दाराचं कुलूप आतून एका धक्क्यात उघडेल असं करून घेतलं.

चोर येऊन गेला त्याच संध्याकाळी विनय तिला गाडीनं न्यायला आला होता. सिग्नल पार करून त्यानं गाडी एका बाजूला घेतली.

"काय सिद्ध करायचं होतं तुला?"

"काही नाही."

"मग?"

"मला बसायचं नव्हतं, विनय."

दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून तो समोर बघत होता. मग म्हणाला, "उद्यापासून संध्याकाळी मी येऊन बसत जाईन. लॅपटॉप घेऊन. मला नाही म्हणू नकोस." ती नाही म्हणणारच होती. पण त्याचा आवाज फाटला होता, म्हणून तिनं मान डोलावली.

मंडळाच्या दिवाळीला बातमी आधीच पोचली होती. फराळाच्या टेबलाशी लोक जरा वाट करून देत होते तिला, अर्धे कौतुकानं, अर्धे भीतीनं. कुणी म्हणत होतं तिनं चोरावर गोळी झाडली, कुणी म्हणत होतं नुसतं दाखवलं. शेवटी निहार नावाच्या, नव्यानं शॉमबर्गला आलेल्या एका इंजिनिअरनं धीर करून विचारलं, "उत्तराकाकू, खरं सांगा ना. तुमच्याकडे आहे की नाही?"

आजूबाजूचे लोक चकल्या खायचे थांबले. विनय लांबून बघत होता. खुर्चीत बसलेल्या मृणालिनीमावशींनी कानातलं यंत्र नीट केलं.

"बुधवारची दुपार सोडली तर सकाळी नऊपासून मी दुकानात असते," उत्तरा म्हणाली. "येऊन बघ."

आणि तिनं ताटात अजून एक करंजी वाढून घेतली.